दुसरी गोळी

दुहेरी वस्त्रातून गाळून उकळलेले पाणी, सूर्यास्तापूर्वी उरकलेले जेवण आणि कंदमुळांना स्वयंपाकघरात मज्जाव. अशा घरातील सहा-सात वर्षांचे मूल रात्री अकराच्या सुमारास झोपेतून उठून बसते, कुरकुरते, मागे खाजवते, पुन्हा आडवे होते आणि पहाटेपर्यंत तळमळत राहते. आईला प्रथम वाटते, उष्णता झाली असावी. आजी विचारते, दात खातो का झोपेत? दोन दिवस गोड बंद होते. आठवड्याने मुलाला न्हाऊ घालताना सुताच्या तुकड्यासारखे काहीतरी पांढरे, वळवळणारे दिसते आणि घरात एकदम शांतता पसरते. जंत? आणि आपल्या घरात? शेजारच्यांना कळू नये, म्हणून दुकानातील माणसाला न पाठवता वडील स्वतः दूरच्या औषधालयात जाऊन एक गोळी आणतात. ती मुलाला दिली जाते आणि विषय मिटतो. सहा आठवड्यांनी तीच रात्र पुन्हा उगवते.

या गोष्टीत मुलाचा दोष नाही आणि घराच्या आचारधर्माचाही नाही. चूक समजुतीची आहे. जंतांविषयी आपण लहानपणापासून जे ऐकत आलो, ते बहुतांशी दुसऱ्याच कृमींना लागू पडणारे आहे. गोलकृमीची अंडी दूषित माती, भाजीपाला आणि पाणी यांतून पोटात जातात. अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायांच्या कातडीत शिरतात. पट्टकृमी बहुधा अर्धकच्च्या मांसातून येतो. या तिघांच्या वाटा आपल्या घरातील गाळणे, उकळणे आणि आहाराचे नियम पुष्कळ अंशी अडवतात. परंतु ज्याला घरोघरी ‘बारीक जंत’ म्हणतात, डॉक्टर ‘पिनवर्म’ म्हणतात आणि ज्याचे शास्त्रीय नाव एन्टेरोबियस व्हर्मिक्युलारिस असे आहे, त्या कृमीला मातीची गरज नाही, मांसाची नाही आणि पाण्याचीही फारशी नाही. त्याची वाट एका बोटाच्या नखापासून तोंडापर्यंतची आहे, आणि ती वाट कोणत्याही गाळण्यातून जात नाही.

त्याचा दिनक्रम, खरे तर रात्रक्रम, समजून घेण्यासारखा आहे. प्रौढ कृमी मोठ्या आतड्यात राहतो. मादी सुमारे एक सेंटीमीटर लांब, नर तिच्या निम्म्याहूनही लहान. मूल झोपले, अंग सैल पडले, की गर्भवती मादी आतड्यातून बाहेर येते आणि गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर अंडी घालते. एका मादीच्या पोटात दहा हजारांच्या आसपास अंडी असतात. ती चिकट असतात आणि त्वचेला खाज आणतात. झोपेत मुलाचा हात तेथे जातो, अंडी नखांत अडकतात, आणि सकाळी तेच बोट तोंडात, बिस्किटावर किंवा धाकट्या भावाच्या हातावर जाते. घातल्यापासून चार ते सहा तासांत अंडे दुसऱ्याला बाधा करण्यास समर्थ होते. म्हणजे रात्री दहाला घातलेले अंडे सकाळच्या न्याहारीला तयार असते. चादर, गोधडी, उशीचा अभ्रा, खेळणी, दाराची कडी, शौचालयातील नळ, जेथे म्हणून हात लागतो तेथे ते पोहोचते. दमट आणि थंड जागी ते दोन-तीन आठवडे तग धरते. कडक ऊन आणि कोरडी हवा मात्र त्याला मानवत नाही. गिळलेल्या अंड्यातून बाहेर पडलेली अळी वाढून पुन्हा अंडी घालू लागेपर्यंत साधारण एक ते दोन महिने जातात.

येथे हिशेबाची एक गंमत आहे. प्रौढ कृमीचे आयुष्य दोनेक महिन्यांचे असते आणि आतड्यातल्या आत त्याची संख्या वाढत नाही. नवे अंडे बाहेरून तोंडात गेले नाही, तर हा आजार औषधावाचूनही संपायला हवा. तो संपत नाही, कारण जुने कर्ज फिटण्याच्या दिवशीच नवे उचलले जाते. खाते कधी बंदच होत नाही. त्यामुळे केवळ मुलाच्या पोटातील कृमी मारणे म्हणजे एका हप्त्याची वसुली. उरलेली थकबाकी अंथरुणात, नखांत आणि शेजारी झोपलेल्या भावंडांत पडून असते.

हा कृमी माणसाखेरीज कोणात राहत नाही. घरातील मांजराला किंवा दारातील कुत्र्याला दोष देण्याचे कारण नाही. माणसाशी त्याची सोबत फार जुनी आहे. अमेरिकेतील युटा राज्यात डेंजर केव्ह नावाची एक गुहा आहे. तेथे सापडलेल्या सुमारे 10,000 वर्षांपूर्वीच्या वाळलेल्या मानवी विष्ठेत त्याची अंडी मिळाली आहेत. आजही अमेरिका आणि पश्चिम युरोप येथे, जेथे नळाचे पाणी थेट पितात आणि उघड्यावर कोणी शौचास बसत नाही, तेथे सर्वाधिक आढळणारा आतड्यातील कृमी हाच. पाच ते दहा वर्षांची मुले, त्यांच्या माता आणि वसतिगृहे, बालगृहे यांत एकत्र राहणारे लोक हे त्याचे नेहमीचे यजमान. श्रीमंती-गरिबीपेक्षा माणसे किती जवळजवळ झोपतात, हे त्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असते. उन्हाळ्याच्या सुटीत मामाच्या घरी एका सतरंजीवर ओळीने झोपणारी आठ मावस-मामेभावंडे किंवा संस्कार शिबिरात एकाच सभागृहात गाद्या टाकून झोपणारी पन्नास मुले, ही त्याला अनुकूल अशी व्यवस्था आहे. म्हणून सुट्या आणि शिबिरे बंद करावीत असे कोणी म्हणणार नाही. पण परतलेल्या मुलाची नखे पाहावीत, एवढे म्हणता येते.

या आजाराचे नुकसान किती, हे सांगताना अतिशयोक्ती करू नये. अंकुशकृमी रक्त शोषतो आणि पंडुरोग आणतो. गोलकृमींचा गुंता क्वचित आतडे अडवतो. पिनवर्म असे काही सहसा करत नाही. त्याने मूल दगावत नाही. मात्र तो झोप खातो, आणि वाढत्या मुलाची झोप ही लहान गोष्ट नव्हे. रात्री चार वेळा जागे झालेले मूल सकाळी चिडते, जेवत नाही, वर्गात पेंगते; त्याला ‘आळशी’ ठरवले जाते आणि शिक्षकाला कारण कळत नाही. खाजवून त्वचा सोलवटते, त्यात पू होतो. मुलींमध्ये कृमी पुढच्या बाजूला सरकून जननमार्गाचा दाह, स्राव आणि लघवीची जळजळ निर्माण करतात. काही मुले या काळात पुन्हा अंथरुण ओले करू लागतात. मुलींच्या बाबतीत घरचे सर्वांत उशिरा बोलतात, हे वेगळे सांगायला नको. आठ वर्षांच्या मुलीला ‘तिथे हात नको लावू’ म्हणून दटावले जाते, तिच्या हातावर चापट बसते. तिला खाज का येते, हे कोणी विचारत नाही. लाजेमुळे झालेले हे नुकसान कृमीने केलेल्या नुकसानापेक्षा मोठे असते.

निदानातही एक खोच आहे. मूल डॉक्टरांकडे नेले, की पालक शौचाची तपासणी करून आणतात आणि अहवाल बहुधा निर्दोष येतो, कारण ही अंडी शौचात नसून त्वचेवर असतात. योग्य पद्धत त्याहून सोपी आहे. सकाळी मूल उठताच, शौचाला जाण्यापूर्वी आणि धुण्यापूर्वी, पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर दाबून काचेच्या पट्टीवर चिकटवायचा आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. एका सकाळी केलेल्या चाचणीत साधारण निम्मे रुग्ण सापडतात. लागोपाठ तीन सकाळी केली तर दहांतले नऊ. आपल्याकडे पाण्याने धुण्याची चांगली सवय आहे, पण या चाचणीपुरती तीच आड येते. रात्री मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी विजेरीच्या उजेडात पाहिले, तर कित्येकदा कृमी डोळ्यांनाही दिसतो.

आता हाच कृमी, हेच मूल आणि हीच गोळी महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला नेऊन पाहू. नंदुरबार, तळोदा, शहादा, अक्कलकुवा या बाजारपेठांत धान्य, किराणा आणि कापडाची दुकाने चालवणारी आपली कित्येक कुटुंबे आहेत आणि सातपुड्यातील आदिवासी त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ग्राहक आहेत. अक्कलकुवा तालुक्याच्या उत्तर टोकाला, नर्मदेच्या काठी मणिबेली हे गाव आहे. अक्कलकुवा हा राज्यातील पहिल्या क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ आणि मणिबेली हे त्यातील पहिल्या क्रमांकाचे मतदान केंद्र. म्हणून दर निवडणुकीत त्याचे छायाचित्र छापून येते. मतदान यंत्रे तेथे बोटीने नेतात. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील 33 गावे बाधित झाली, त्यांत पाणी सर्वांत आधी पोहोचले ते मणिबेलीत, 1990 च्या दशकाच्या प्रारंभी. काठावरचे शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिर त्याच पाण्यात गेले. 1994 साली मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये, असे जगभरातील संघटनांनी जे निवेदन काढले, ते ‘मणिबेली जाहीरनामा’ म्हणून ओळखले जाते. काही कुटुंबे गुजरातमधील पुनर्वसन वसाहतींत गेली. काही मूळ गावाच्या वरच्या टेकड्यांवर सरकली आणि तेथेच राहिली.

धरणाची उंची 138.68 मीटरपर्यंत गेल्यानंतर गावाच्या तीन बाजूंना पाणी दिसते. पण पाणी दिसणे आणि पाणी हाताशी असणे यांत फरक आहे. घर टेकडीवर, पाणी खाली. जलाशय उतरला, की मधल्या काठावर गाळ उरतो आणि त्यातून हंडा घेऊन वर यायचे असते. जी स्त्री असे दोन हंडे वर आणते, तिला ‘शौचानंतर, जेवणापूर्वी, प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत’ हे भित्तिपत्रकावरील वाक्य वाचून दाखवणे सोपे आहे. तिच्या हिशेबात त्या प्रत्येक धुण्याला टेकडीच्या चढाचा दर लागतो. तेथील मुलांना पिनवर्म झाला, तर ती मुले ‘अस्वच्छ’ म्हणून झाला, असे शहरातील माणूस चटकन म्हणतो. वर सांगितलेल्या गाळलेल्या पाण्याच्या घरालाही तो झाला होता, हे त्या वेळी त्याला आठवत नाही.

धरणविरोधी आंदोलनातून नर्मदाकाठी ‘जीवनशाळा’ उभ्या राहिल्या. पहिल्या 1990 च्या दशकाच्या आरंभीच चिमलखेडी आणि निमगव्हाण येथे सुरू झाल्या. मणिबेलीतही एक आहे. गावोगावची मुले तेथे राहून शिकतात. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा जिल्हाभर आहेत. एकत्र निवास, शेजारी शेजारी अंथरुणे, एकच वय. पिनवर्मच्या दृष्टीने शिबिरातील सभागृह आणि निवासी शाळेची खोली यांत भेद नाही. भेद पडतो तो पुढे, औषधाच्या वाटेवर.

केंद्र शासनाने फेब्रुवारी 2015 मध्ये राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू केला आणि पहिल्याच टप्प्यात महाराष्ट्र त्यात होता. सामान्यतः 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्ट या दोन दिवशी शाळा व अंगणवाड्यांतून 1 ते 19 वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला देतात. एक ते दोन वर्षांच्या बालकांना अर्धी, पुढच्या सर्वांना 400 मिलिग्रॅमची पूर्ण. गैरहजर मुलांसाठी काही दिवसांनी पुन्हा फेरी होते. देशातील 1 ते 14 वयोगटातील सुमारे 24 कोटी मुलांना मातीतून पसरणाऱ्या कृमींचा धोका आहे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज या मोहिमेमागे आहे. मोहीम उत्तम आहे, स्वस्त आहे आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्याला तर अत्यावश्यक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) या जिल्ह्यातील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. अशा अंगातून अंकुशकृमीने रक्त शोषणे आणि भरल्या अंगातून शोषणे यांची बरोबरी होत नाही.

मात्र ही मोहीम गोलकृमी, चाबूककृमी आणि अंकुशकृमी या तिघांसाठी आखलेली आहे. पिनवर्म तिच्या यादीत नाही. अल्बेंडाझोल त्यालाही मारते, पण त्याच्या बाबतीत ते एकदा देऊन भागत नाही. गोळी प्रौढ कृमीचे अन्नशोषण बंद पाडते. अंड्यांवर तिचा भरवसा नाही. म्हणून पहिल्या गोळीनंतर दोन आठवड्यांनी दुसरी द्यावी लागते, म्हणजे मधल्या काळात अंड्यांतून बाहेर आलेले कृमी अंडी घालण्यापूर्वीच संपतात. आणि ती एकट्या मुलाला देऊन उपयोग नाही. घरात एकत्र राहणाऱ्या सर्वांना, खाज असो वा नसो, एकाच दिवशी द्यावी लागते. शासकीय दिवशी मुलाला गोळी मिळते, पण एकोणीस वर्षांवरील आई, बाप, आजी यांना मिळत नाही, आणि चौदा दिवसांनी कोणी परत येत नाही. तो मोहिमेचा दोष नव्हे; ज्या कामासाठी ती आहे, ते काम ती करते. पण मुलाला गोळी मिळाली म्हणजे ‘जंतांचे झाले’ असे पालक समजतात, आणि बारीक जंत चालूच राहतो.

नर्मदाकाठी तर पहिली गोळीही सहज पोहोचत नाही, आणि त्याचे एक कारण दिनदर्शिकेत आहे. सातपुड्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या आसपास दक्षिण गुजरातमध्ये ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. लहान मुले बरोबर जातात. म्हणजे 10 फेब्रुवारीला शाळेच्या हजेरीपटावर नाव असते आणि मूल बारडोलीच्या बाजूला एखाद्या फडावरील पालात असते. ऑगस्टमध्ये ते गावी असते, पण तेव्हा नर्मदा भरलेली, पाऊलवाटा निसरड्या आणि ओढे आडवे. दोन्ही तारखा शहरातील शाळेला सोयीच्या आहेत. त्या ठरवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या समोर मणिबेली नव्हते, इतकेच. (बाजारपेठेतील व्यापाऱ्याला हे लगेच समजेल. उधारी वसूल करायला तो फेब्रुवारीत डोंगरात जात नाही, माणसे परत आल्यावर जातो.)

अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतील काठावरच्या गावांसाठी शासनाचा ‘तरंगता दवाखाना’ आहे. डॉक्टर, परिचारिका आणि औषधे घेऊन बोट गावोगाव फिरते. तिच्याखेरीज सारी भिस्त आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविकांवर. 2020 च्या टाळेबंदीत मणिबेलीच्या शेजारच्या चिमलखेडी येथील अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांचे नाव देशभर झाले. संसर्गाच्या भयाने आलीगट आणि दादर या पाड्यांवरील लोक अंगणवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी एका मासेमाराची छोटी होडी घेतली आणि सुमारे 18 किलोमीटर स्वतः वल्हवत त्या पाड्यांवर जाऊ लागल्या. बालकांचे वजन करायचे, गरोदर स्त्रियांची विचारपूस करायची, पोषण आहार द्यायचा आणि पुन्हा वल्हवत परत. आठवड्यातून पाच दिवस, कित्येक महिने. लोकांना त्यांच्या धाडसाचे कौतुक वाटले, ते योग्यच. पण त्यांच्या कामाचे खरे मोल त्या पुन:पुन्हा गेल्या यात आहे. एकदा होडी घेऊन जाणारे पुष्कळ निघतील, छायाचित्रकारही बरोबर येईल. चौदा दिवसांनी त्याच पाड्यावर, त्याच मुलासाठी, त्याच दुसऱ्या गोळीसाठी कोण जाईल, हा मणिबेलीचा प्रश्न आहे.

आपल्या घरांत हा प्रश्न अंतराचा नाही. औषधालय कोपऱ्यावर असते. तेथे दुसरी गोळी चुकते ती लाजेने, विस्मरणाने आणि एका सूक्ष्म संकोचाने. हा तिसरा विषय नाजूक असला तरी टाळता येत नाही. तत्त्वार्थसूत्रात कृमीची गणना स्पर्श आणि रसना ही दोन इंद्रिये असलेल्या जीवांत केली आहे, आणि मुंगीही चुकवून चालण्याचे संस्कार झालेल्या घरात ‘जंतनाशक’ हा शब्दच खटकतो. काही वडीलधारी माणसे एक गोळी नाइलाजाने मान्य करतात; साऱ्या घराने, तीही दोनदा घ्यायची म्हटले की त्यांना ते उगाच वाटते. श्रावकाचारात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद सांगितले आहेत आणि गृहस्थाने प्रथम संकल्पी हिंसा सोडावी असे म्हटले आहे. रोगी मुलाला दिलेले औषध कोठे बसते, याचा निर्णय मुनिवर्यांकडून घ्यावा. तो या लेखाचा अधिकार नाही. परंतु साधा हिशेब कोणालाही करता येईल. अर्धवट उपचार केलेल्या घरात कृमी दर दोन महिन्यांनी नव्याने वाढतात आणि दर दोन महिन्यांनी नव्याने मारावे लागतात. एकदाच, सर्वांनी, दोन मात्रांत उपचार पूर्ण केले आणि पुढे अंडी तोंडात जाऊ दिली नाहीत, तर जन्मणारे जीवही थोडे आणि मरणारेही थोडे. ज्याला आपण यत्नाचार किंवा जयणा म्हणतो, ती येथे नखे कापण्यापासून सुरू होते.

आपल्या वैद्यकाने हे फार पूर्वी ओळखले होते. चरकसंहितेत वीस प्रकारचे कृमी सांगितले आहेत आणि त्यांवरील चिकित्सेची तीन अंगे दिली आहेत: अपकर्षण म्हणजे कृमी बाहेर काढणे, प्रकृतिविघात म्हणजे त्यांना पोषक अशी पोटातील स्थिती बदलणे आणि निदानपरिवर्जन म्हणजे ज्या कारणाने ते होतात ते कारण टाळणे. आपण पहिल्यावरच थांबतो. तान्ह्या बाळाला वावडिंग घालून उकळलेले पाणी देण्याची महाराष्ट्रातील जुनी रीत दुसऱ्या अंगाशी जुळते. वावडिंग कृमिघ्न म्हणून ग्रंथांत प्रसिद्ध आहे, तरी डॉक्टरांच्या औषधाऐवजी त्यावर विसंबू नये. गोड खाण्याने मात्र जंत होत नाहीत. पेढ्यावर उगाच दोष येतो.

तिसरे अंग घरातल्या बाईच्या वाट्याला येते, आणि पुरुषांनीही ते उचलावे. उपचाराच्या दिवशी सकाळी सर्वांनी उठताच स्नान करावे, विशेषतः मुलांनी, कारण रात्रीची अंडी तेव्हाच धुतली जातात. बादलीत बसवून न्हाऊ घालू नये. अंगावर पाणी ओतावे. मुलांची नखे मुळापर्यंत कापावीत. आतले कपडे रोज बदलावेत आणि मुलांना रात्री घट्ट चड्डी घालून झोपवावे, म्हणजे हात थेट त्वचेला लागत नाही. चादरी, अभ्रे, आतले कपडे कडक गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. येथे एक सवय मोडावी लागते. सकाळी उठल्यावर गोधडी खोलीतच झटकायची, ही घरोघरची रीत आहे. त्या झटक्याने सूक्ष्म अंडी हवेत उडतात, श्वासावाटे घशात जातात आणि गिळली जातात. गोधडी न झटकता गुंडाळून उचलावी आणि गच्चीवर कडक उन्हात पसरावी. फरशी कोरडी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. आठ-पंधरा दिवस एवढे नेमाने करावे. पुढे जन्मभर धास्ती बाळगण्याचे कारण नाही. गोळी एक वर्षाखालील बालकाला किंवा गरोदर स्त्रीला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, परस्पर देऊ नये. पूर्वीचे आजार असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. आणि मुलाला दटावू नये. त्याला खरे कारण सोप्या शब्दांत सांगितले, तर ते स्वतःहून हात आवरते.

चतुर्विध दानात औषधदानाला आपल्याकडे मोठे स्थान आहे. नंदुरबार-तळोद्याच्या बाजारपेठांतून डोंगरातील शाळांना वह्या, ब्लँकेटे, औषधे पाठवणारी मंडळे पुष्कळ आहेत. त्यांनी एखाद्या निवासी शाळेचा विचार केला, तर गोळ्यांची पेटी नेऊन छायाचित्र काढण्यापूर्वी स्थानिक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलावे. गोळ्या शासनाकडे असतात. कमी पडतात त्या इतर गोष्टी: प्रत्येक खोलीला एक नखकापणी, प्रत्येक मुलाला दुसरी चादर आणि दुसरी चड्डी, म्हणजे एक धुतली तर दुसरी असेल, हात धुण्याच्या जागी टाकी आणि ती भरण्यासाठी खालून पाणी चढवणारा पंप, साबणाच्या वड्या वर्षभराच्या हिशेबाने. यांतील कोणत्याही वस्तूवर दात्याचे नाव ठळक दिसत नाही, हे खरे. निवासी संस्थेत एकाला पिनवर्म आढळला, तर मुले, शिक्षक आणि स्वयंपाकी या सर्वांना एकाच दिवशी आणि पुन्हा दोन आठवड्यांनी औषध देण्याची पद्धत जगभर मान्य आहे. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तसे ठरवले, तर दुसऱ्या फेरीच्या बोटीचे भाडे आणि डिझेल हा दानाचा एक चांगला शीर्षक होऊ शकतो.

घरी मात्र दिनदर्शिका पुरते. पहिली गोळी दिली त्याच संध्याकाळी चौदा घरे मोजून पुढच्या तारखेवर खूण करावी आणि शेजारी घरातील माणसांची संख्या लिहावी, कामाला येणाऱ्या आणि घरात राहणाऱ्या माणसासकट. 10 फेब्रुवारीला शाळेत गोळी मिळाली असेल, तर ती तारीख 24 फेब्रुवारी येते.